जाणतीचा जागर

[दृश्य: डोंगरउतारावरची घरं, धुकं, पावसाचा आवाज]

दक्षिण मेक्सिकोत ओआहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या मासातेक डोंगरात वसलेलं हे गाव, हुआउत्ला. पाऊस लागला की गाव धुक्यात जातं आणि त्याच दिवसांत ओल्या जमिनीतून बारीक, लांब दांड्याच्या, खाल्ल्यावर भास घडवणाऱ्या अळंबी वर येतात. मासातेक भाषेतल्या त्यांच्या नावाचा अर्थ साधारण असा होतो: उगवून येणारी लहानगी.

२९ जून १९५५ ची रात्र. एका घराच्या खालच्या खोलीत वीसेक माणसं दाटीने बसली आहेत. समोर छोटंसं देवघर, येशूच्या तसबिरी, फुलं, मेणबत्त्या. सगळ्यांना कोकोचं पेय वाटून झालंय. साठीला टेकलेली, अंगाने किरकोळ अशी एक बाई धुपाच्या धुरावर अळंबी धरते आणि जोडीजोडीने वाटते. स्वतःला तेरा जोड्या, पाहुण्यांना सहा-सहा. मध्यरात्रीच्या सुमाराला ती देवापुढचं एक फूल उचलते आणि त्या फुलाने शेवटची ज्योत विझवते.

खोलीत काळोख होतो आणि गाणं सुरू होतं. ते पहाटेपर्यंत थांबत नाही.

त्या गाण्यात ओळीच्या शेवटी एक छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो: त्सो. म्हणजे, ‘म्हणे’. आपली आजी गोष्ट सांगताना म्हणायची ना, ‘एक राजा होता म्हणे’, तोच हा म्हणे. मी इथे फक्त निरोप पोचवतेय, बोलणाऱ्या त्या लहानग्या आहेत, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. भाषांतराला नेहमी अवघड जाणारा हा शब्द मराठीत इतका अलगद बसतो, याचं मला फार नवल वाटतं.

बाईंचं नाव मारिया साबिना. गावात त्यांना जाणती म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं, मासातेकखेरीज दुसरी भाषा नव्हती. लहानपणी बहिणीबरोबर शेळ्या राखताना भुकेपोटी त्यांनी या अळंबी खाल्ल्या होत्या. त्याआधी आजारी काकांवर एका वैदूने याच अळंबीचा जागर मांडलेला त्यांनी पाहिला होता. पुढे त्यांचीच बहीण आजारी पडली, तेव्हा त्यांनी स्वतः जागर केला. त्या रात्री डोळ्यांसमोर एक ग्रंथ उघडला आणि अक्षर न ओळखणाऱ्या आपल्याला तो वाचता आला, असं त्या सांगत.

स्पॅनिशमध्ये या विधीला ‘वेलादा’ म्हणतात. आपल्याकडे त्याला जागर हा शब्द आहेच. हा जागर मांडायचा तो आजाऱ्यासाठी. कोणी अंथरुणाला खिळलंय, कोणाचं मूल खातपीत नाही, अशा वेळी. जाणती रात्रभर बसते, घरची माणसं बसतात. आजारी माणूस एकटा पडलाय असं एक क्षणही होत नाही.

[दृश्य: धुपाच्या धुरावर अळंबी धरलेले हात, जुनं छायाचित्र]

त्या रात्रीचे पाहुणे होते गॉर्डन वॉसन, न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष, आणि त्यांचे छायाचित्रकार मित्र ॲलन रिचर्डसन. गावातल्या एका अधिकाऱ्याने शब्द टाकला, म्हणून मारिया साबिना तयार झाल्या. पुढे कित्येक वर्षांनी आल्वारो एस्त्रादा या मासातेक लेखकाला त्यांनी सांगितलं, की ही माणसं कसल्याही दुखण्यासाठी आली नव्हती, ती देव शोधायला आली होती. त्याआधी केवळ देव शोधायला म्हणून कोणी या लहानग्यांना हात लावला नव्हता.

१३ मे १९५७ रोजी अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकात वॉसन यांचा लेख आला. बाईंचं नाव बदललं होतं, पण छायाचित्रं त्यांचीच होती. शोधणाऱ्यांना गाव सापडायला वेळ लागला नाही. सहाच दिवसांनी वॉसन यांच्या पत्नी व्हॅलेंतिना यांचा लेख दुसऱ्या एका साप्ताहिकात आला. त्या बालरोगतज्ज्ञ होत्या. या अळंबीतलं द्रव्य वेगळं काढता आलं, तर मरणाच्या दारातल्या रुग्णांना आणि दारूच्या आहारी गेलेल्यांना त्याचा उपयोग होईल, असं त्यांनी त्यात मांडलं. आज ज्या दिशेने संशोधन चाललंय, ती दिशा एका डॉक्टर बाईंनी १९५७ साली नेमकी ओळखली होती. त्यांचं नाव आज फार कमी वेळा घेतलं जातं. पुढच्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९५८ ला, कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

[दृश्य: काचेच्या नळ्या, प्रयोगशाळेची जुनी दृश्यं]

अळंबी पॅरिसला पोचल्या. रोजे हाईम या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांची जात ओळखली आणि त्या वाढवल्या. तिथून त्या स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरातल्या सँडोझ कंपनीत गेल्या, आल्बर्ट हॉफमन यांच्याकडे. याच रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एलएसडी हे असंच भास घडवणारं द्रव्य बनवलं होतं आणि १९४३ मध्ये स्वतःवर त्याचा अनुभव घेतला होता. इथेही त्यांनी तेच केलं. जनावरांवरच्या चाचणीतून काही हाती लागेना, तेव्हा बत्तीस सुक्या अळंबी, वजन जेमतेम २.४ ग्रॅम, त्यांनी स्वतः खाल्ल्या. १९५८ मध्ये दोन द्रव्यं हाती आली: सायलोसायबिन आणि सायलोसिन. शरीरात गेल्यावर पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर होतं. सायलोसिनची ठेवण आपल्या मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप्या रसायनासारखी असते, म्हणून पेशींवर सेरोटोनिनसाठी असलेल्या ठरावीक जागांवर, म्हणजे ग्राहींवर, ते जाऊन बसतं. परिणाम चार ते सहा तास टिकतो.

या वाटेवर आणखीही कोणी चालत होतं. १९५६ च्या मोहिमेत वॉसन यांच्याबरोबर जेम्स मूर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचा खर्च एका संस्थेच्या आडून अमेरिकेची गुप्तहेर यंत्रणा सीआयए करत होती. माणसाच्या मनाचा ताबा घेणारं औषध त्यांना हवं होतं. मूर यांना काही ते द्रव्य वेगळं काढता आलं नाही.

इकडे हुआउत्लाला मात्र माणसांची रीघ लागली. साठच्या दशकात परदेशी तरुण डोंगर चढून येऊ लागले, कुठेही, कसंही खाऊ लागले. गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर त्याच पिढीतले पाहुणे उतरताना ज्यांनी पाहिले, त्यांना ही गर्दी डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. पोलीस आले, मग सैन्य आलं. गावाचा राग बाईंवर निघाला. त्यांचं घर जाळलं गेलं. परके देव शोधायला आले तेव्हापासून लहानग्यांमधलं बळ गेलं, असं त्या एस्त्रादांना म्हणाल्या. या सगळ्या कहाणीत माझा आवाज इथेच अडतो. आजाऱ्याच्या उशाशी बसणं, एवढंच ज्या बाईंनी जन्मभर केलं, त्यांना त्याची ही किंमत मोजावी लागली. वॉसन यांनी नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली. पण घर तर जळून गेलं होतं.

[दृश्य: बॉस्टनमधलं चॅपल, शांत]

अध्यात्माचा प्रश्न शास्त्राच्या कसोटीवर घेण्याचा एक प्रयत्न २० एप्रिल १९६२ ला झाला. तो गुड फ्रायडे होता. बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के या संशोधकाने धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांना प्रार्थनेच्या वेळी बसवलं. दहा जणांना सायलोसायबिन, दहा जणांना निकोटिनिक ॲसिड, म्हणजे एक जीवनसत्त्व. औषध मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी संतमंडळींच्या वर्णनांशी जुळणारे अनुभव सांगितले. एकाला मात्र इतकी भीती बसली, की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं. ही बाब मूळ अहवालात नीट आली नव्हती. ती उजेडात आली १९९१ मध्ये, पाठपुरावा झाला तेव्हा.

मग दारं बंद झाली. १९७० मध्ये अमेरिकेने कायदा करून सायलोसायबिनला सर्वांत कडक यादीत टाकलं. १९७१ मध्ये व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. त्या करारात एक बारीकसं कलम आहे. रानात उगवणाऱ्या वनस्पती ज्यांच्या धार्मिक विधींत पूर्वापार वापरल्या जातात, अशा लहान समूहांसाठी देशाला सूट राखून ठेवता येते. मेक्सिकोने ती राखून ठेवली. कागदावर तरी मासातेक जाणत्यांचा जागर वाचला.

भारतात अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. त्याच्या यादीत सायलोसायबिन आहे. त्यानंतर आठच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, मारिया साबिना वारल्या. शेवटपर्यंत गरिबीतच.

[दृश्य: एक साधी खोली, सोफा, मंद दिवा]

आता बाल्टिमोरमधली ही खोली पाहा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. सोफा, उशी, अंगावर पांघरूण. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन आणि दिवसभर चालणारं संगीत. शेजारी दोन माणसं बसलेली. त्यांनी आधी कित्येक तास रुग्णाशी बोलून त्याचं आयुष्य समजून घेतलंय. आता ती काही शिकवत नाहीत, समजावत नाहीत. रुग्ण घाबरला तर हात पुढे करतात, एवढंच. नंतर पुन्हा भेटून, त्या दिवशी काय वर आलं ते त्याच्याबरोबर उलगडत बसतात.

काळोख, गाणं आणि उशाशी बसलेलं माणूस. हुआउत्लाची खोली आठवली ना?

हा धागा तुटू नये म्हणून काही माणसं टिकून राहिली. बिल रिचर्ड्स हे मानसशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात मेरीलँडमध्ये कर्करुग्णांवरच्या अशाच उपचारात होते. बंदीनंतरची कोरडी वर्षं काढून तेच पुढे हॉपकिन्सच्या या खोलीत आले. रोलंड ग्रिफिथ्स यांच्या चमूने २००६ मध्ये ३६ निरोगी लोकांवरचा अभ्यास छापला. दोन महिन्यांनंतरही त्यांच्यातल्या दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांमध्ये धरला, पहिल्या मुलाच्या जन्माच्या किंवा आईवडिलांच्या मृत्यूच्या बरोबरीने. २०१६ मध्ये ५१ कर्करुग्णांवरचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर सुमारे ८० टक्के रुग्णांचं नैराश्य आणि धास्ती लक्षणीय कमी झालेली राहिली. रोग होता तिथेच होता. उरलेले दिवस त्याच्या भीतीतच घालवायची पाळी मात्र अनेकांवर आली नाही. खुद्द ग्रिफिथ्स यांना पुढे कर्करोग झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते गेले.

कौतुकाच्या भरात पुढचे आकडे गाळायचे नाहीत. २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ रुग्णांवर सायलोसायबिन आणि नेहमीचं नैराश्यावरचं औषध यांची तुलना केली. मुख्य मोजपट्टीवर दोन्हींत ठोस फरक निघाला नाही. २०२२ मध्ये, इतर औषधांनी बरं न वाटलेल्या २३३ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी ३७ टक्के रुग्णांमध्ये स्पष्ट सुधारणा होती. नाममात्र १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत १८ टक्के. बारा आठवड्यांपर्यंत हा लाभ बराच ओसरला. काही रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. शिवाय एक मोठी अडचण आहे: कोणाला खरं औषध मिळालंय, ते रुग्णालाही कळतं आणि शेजारच्यालाही. मग आशेचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळं कसं काढणार?

शेजारी बसणारा माणूसच जर खोटा निघाला तर? आघातानंतरच्या मानसिक त्रासावर एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याच्या चाचण्या चालल्या होत्या. त्यातल्या एका चाचणीत उपचार करणाऱ्याने रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केल्याचं समोर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या उपचाराला मंजुरी नाकारली. विदा अपुरा आहे, आणखी एक मोठी चाचणी करा, असं सांगितलं. त्या द्रव्याने बरं वाटलेली कित्येक माणसं त्या दिवशी खचली. तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो. या अवस्थेत माणूस मनाने पूर्ण उघडा पडलेला असतो. त्याच्या उशाशी कोण बसणार, हा प्रश्न मात्रेच्या मिलिग्रॅमइतकाच काटेकोरपणे सुटला पाहिजे.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून फक्त परवानगी मिळालेल्या मनोविकारतज्ज्ञांना ही औषधं वापरू दिली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याची वाट वेगळी. तिथे नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मतदानाने कायदा मंजूर केला. २१ वर्षांवरच्या कोणालाही परवानाधारक केंद्रात, प्रशिक्षित सोबत्याच्या देखरेखीखाली सायलोसायबिन घेता येतं, आजाराचा दाखला लागत नाही. मात्र एका खेपेला हजार डॉलरच्या वर खर्च सहज येतो. त्यात अळंबीचा वाटा थोडा, माणसाच्या तासांचा मोठा. हुआउत्लाच्या जागराला विम्याचा कागद लागत नव्हता. आजच्या धोरणकर्त्यांपुढे खरा पेच या तासांचाच आहे: उशाशी बसणारी माणसं घडवायची कशी, त्यांचे पैसे कोणी द्यायचे आणि गरिबाच्या वाट्याला ती येणार कशी.

आणि घरी बसून हे पाहणाऱ्यांना कळकळीचं सांगणं. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर अशा माणसांना या चाचण्यांत घेतच नाहीत, इतका हा धोका खरा आहे. चालू असलेली औषधं मनाने बंद करू नका. आणि रानातली अळंबी ओळखणं सोपं नाही. विषारी अळंबीने जीव जातो, हे सह्याद्रीत पावसाळ्यात अळंबी वेचणाऱ्या बायांना पुरतं ठाऊक आहे. जाणत्या नजरेखालून गेल्याशिवाय त्या चुलीवर चढत नाहीत.

[दृश्य: पुन्हा धुकं, पहाटेआधीचा काळोख]

शेवटी १९६२ च्या ऑक्टोबरकडे जाऊ. पावसाळा सरला होता, अळंबी संपत आल्या होत्या. आल्बर्ट हॉफमन पत्नीसह आणि वॉसन यांच्याबरोबर खेचरांवरून मासातेक डोंगरात आले होते. बरोबर कुपीत गोळ्या होत्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या सायलोसायबिनच्या. लहानग्यांचा आत्मा या गोळ्यांत उतरलाय, असं त्यांनी दुभाष्यामार्फत मारिया साबिनांना सांगितलं. जागर मांडला गेला, धूप झाला, गोळ्या वाटल्या गेल्या.

अर्धा तास गेला. काहीच होईना. बाई आणि त्यांच्या घरची माणसं कुजबुजू लागली. अळंबी चावून खाल्ली की लवकर चढते, गोळी पोटात विरघळायला वेळ लागतो, हे हॉफमन यांच्या लक्षात आलं. आणखी गोळ्या दिल्या गेल्या. मग हळूहळू गाणं सुरू झालं.

पहाटे निघताना मारिया साबिना म्हणाल्या, गोळ्यांमध्ये तेच बळ आहे, काही फरक नाही. हॉफमन यांनी उरलेली कुपी त्यांच्या हातात ठेवली. बाईंना आनंद झाला. अळंबी उगवत नाहीत त्या महिन्यांतही आता आजाऱ्यांसाठी बसता येईल, असं त्या म्हणाल्या.