रेघेशेजारची तारीख

[दृश्य: पाणी ओसरलेलं घर. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला मातकट रेघ. बाहेर कुणीतरी फावड्यानं गाळ ओढतंय, त्याचा आवाज.]

निवेदन:

पूर येऊन गेलेल्या घरात पाऊल टाकलं की नजर आधी भिंतीकडे जाते. पाणी इथवर चढलं होतं, हे सांगणारी ही रेघ. घरातली माणसं आल्यागेल्याला तीच दाखवतात. बोट ठेवून म्हणतात, "एवढं होतं."

पाण्याची उंची भिंत लक्षात ठेवते. आपण लक्षात ठेवायची ती तारीख. पाणी घरात कधी शिरलं, आपण त्यात कधी उतरलो, ते कधी ओसरलं. रेघेच्या शेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवलीत तरी चालेल. कारण पुरानंतरचे आजार सगळे एकदम येत नाहीत. कुणी दुसऱ्या दिवशी येतो, कुणी दहाव्या, तर कुणी दीड-दोन महिन्यांनी, भिंतींना नवा रंग लागल्यावर. दवाखान्यात गेल्यावर ही तारीख सांगता आली, तर डॉक्टरांचा शोध पुष्कळ सोपा होतो.

[दृश्य: ढगाळ संध्याकाळ. दोन हात गोळ्यांच्या पट्ट्या मोजताहेत.]

निवेदन:

मोजणी सुरू होते ती पाणी यायच्या आदल्या दिवसापासून. इशारा मिळाला की घरोघरी सामान वर चढवायची धावपळ सुरू होते. गाद्या, धान्य, टीव्ही. साहजिकच आहे, एकेक वस्तू कष्टानं घेतलेली असते. तरीही माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिला हात औषधांना लावा. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, यांच्या गोळ्या चार दिवस चुकल्या तर पाण्याचा थेंबही न लागता माणूस गंभीर होऊ शकतो. दोन आठवड्यांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकात एक घालून, घट्ट बांधा. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, नात्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा. गरोदर बाईच्या तपासणीचे कागद, मुलांचं लसीकरणाचं कार्ड आणि जादाचा चष्मा त्याच पिशवीत.

इन्सुलिन घेणाऱ्यांना फ्रिज बंद पडायची धास्ती असते. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन एकदा वापरायला काढलं की ३० अंशांच्या खाली साधारण ४ आठवडे टिकतं. न उघडलेल्या कुपीला गारवा हवा. वीज नसेल तर मातीच्या भांड्याभोवती ओलं फडकं गुंडाळून त्यात कुपी कोरडी राहील अशी ठेवावी.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर, असं किमान ३ दिवसांचं पाणी झाकून भरून ठेवा. आणि विजेचा मेन स्विच पायाखालची जमीन कोरडी असतानाच बंद करा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही.

[दृश्य: रस्त्यावरून वेगानं वाहणारं गढूळ पाणी. कडेला थबकलेली माणसं.]

निवेदन:

हा पहिला दिवस. रोगजंतूंची पाळी अजून यायची आहे. पुरात सर्वांत जास्त माणसं दगावतात ती बुडून. वाहत्या पाण्याला जोर असेल तर १५ सेंटीमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडं वर आलेलं पाणीही धडधाकट माणसाचा पाय उचलतं. ३० सेंटीमीटरमध्ये छोटी मोटार तरंगायला लागते, ६० मध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. त्यात गढूळ पाण्याखाली रस्ता उरलाय की उघडं गटार, हे वरून कळत नाही. "रोजचाच रस्ता आहे" या भरवशावर किती जीव गेले असतील! थांबा. उशीर होऊ द्या.

सुटकेसाठी उतरावंच लागलं, तर पायात बंद बूट आणि हातात पुढची जमीन चाचपायला काठी असू द्या. अंगावरच्या जखमा झाकून घ्या, बाहेर आल्यावर साबणानं हातपाय धुवा. सापही आपल्यासारखेच उंच, कोरडी जागा शोधत असतात. कपड्यांच्या ढिगात, लाकडांत हात घालताना जपून. साप चावलाच तर आवळून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका. अंगठी-बांगडी काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

[दृश्य: काचेच्या ग्लासात स्वच्छ दिसणारं पाणी. हळूहळू जवळ.]

निवेदन:

दुसरा, तिसरा दिवस. पाणी उतरतंय, नळाला पुन्हा धार आली आहे. धार स्वच्छ दिसते आणि तिथंच आपण फसतो. जमिनीखाली सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी शेजारून जात असते. पुरवठा बंद असताना नळात दाब राहत नाही, मग जिथं फट असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. विहिरीत तर पूर वरूनच उतरलेला असतो. पाण्याची तपासणी होऊन निरोप येईपर्यंत नळाचं, विहिरीचं कुठलंच पाणी तसंच पिऊ नका.

गढूळ असेल तर आधी निवळू द्या, दाट कापडातून गाळा. मग उकळा. खळखळून उकळी फुटली की पूर्ण १ मिनिट तशीच राहू द्या, उंच डोंगराळ भागात ३ मिनिटं. पाणी कोमट झालं म्हणजे उकळलं असं नाही. इंधन जपायच्या दिवसांत ही चूक हमखास होते.

जळण नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा द्रावण. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, तेवढंच घाला आणि अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासातच क्लोरीन जंतू मारण्याचं काम करतं. तहान लागली म्हणून पाचव्या मिनिटाला प्यायलं तर गोळी वाया गेली. शेवटी पाण्याला क्लोरीनचा मंद वास यायला हवा. तो नको वाटतो खरा, पण पाण्यात औषध शिल्लक असल्याची ती खूण आहे. काही चिवट परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून जमेल तेव्हा उकळणंच बरं.

[दृश्य: एक लिटरचं भांडं. चमचा, साखर, मीठ.]

निवेदन:

एवढं सांभाळूनही घरात कुणाला जुलाब लागतात. कॉलऱ्याची लक्षणं तर जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत केव्हाही दिसतात. अशा वेळी माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून जीव वाचवून आलेले लाखो निर्वासित भारतात छावण्यांमध्ये होते आणि तिथं कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमध्ये, सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांमध्ये भरलं. नातेवाईकच रुग्णांना ते पेलापेलानं पाजू लागले. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. पेला धरणारे ते हात डॉक्टरांचे नव्हते. घरच्या माणसाच्या हातून किती मोठं काम होऊ शकतं, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

तीच ही जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. जुलाब चालू असताना आतडं नुसतं पाणी नीट शोषत नाही. साखर आणि मीठ जोडीनं आली की आतड्याच्या पेशी दोघांना एकत्र आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा हा रस्ता उघडा राहतो. ओआरएसचं पाकीट असेल तर पाकिटावर सांगितलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवा. नसेल तर १ लिटर सुरक्षित पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ चमचाभर पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, तेव्हा अंदाजानं टाकू नका. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवा. बाटली आणि दुधाची भुकटी या दिवसांत घातक, कारण ती धुवायला आणि कालवायला पुन्हा तेच पाणी लागतं. सहा महिन्यांपुढच्या मुलांना जलसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस झिंकही द्यायचं असतं. ते आरोग्य केंद्रातून मागून घ्या.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी थांबली, मूल सुस्तावलं, की घरचे उपाय बस्स झाले. लगेच रुग्णालय. वाटेतही पाजत राहा.

[दृश्य: गमबूट, रबरी हातमोजे. चिखल काढणारी माणसं.]

निवेदन:

साफसफाई लवकर हवी, कारण ओल्या घरात एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. आधी साबणपाण्यानं चिखल काढा, मग ब्लीचच्या द्रावणानं पुसा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब. त्याच्या धुराला वास असो नसो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. मळकी जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

[दृश्य: कॅलेंडर. एका तारखेभोवती पेनानं गोल.]

निवेदन:

आता पाचव्या दिवसापासून पुढचे दिवस. याच दिवसांसाठी ती तारीख लिहायची. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात. पायावरचा बारीकसा ओरखडाही त्यांना पुरतो. त्रास बहुधा ५ ते १४ दिवसांत सुरू होतो, कधी महिनाही लागतो. तोवर ओरखडा भरून आलेला असतो आणि पाण्यात उतरल्याचं माणूस विसरलेला असतो. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देवत नाही. वेळेवर साध्या प्रतिजैविकानं हा आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं धरतो.

पंचाईत अशी की डेंग्यूची सुरुवातही अशीच असते. म्हणून ताप आला की दोन गोष्टी. मनानं अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायची नाही, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगायचं, "मी अमुक तारखेला पुराच्या पाण्यात होतो." मदतीला धावलेल्या तरुणांनी तर नक्कीच. प्रतिबंधक गोळी घ्यावी का, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारावं.

डास मात्र उशिरा येतात. वाहता पूर त्यांच्या अळ्या धुऊन नेतो, म्हणून सुरुवातीचे दिवस निवांत वाटतात. मग पाणी डबक्यांत, टायरांत, गच्चीवरच्या भंगारात साचतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं उपडं करून घासलं तर हे चक्र तुटतं. घासायचं अशासाठी, की डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने तग धरतात. हिवतापाची साथ तर पुरानंतर ६ ते ८ आठवड्यांनी डोकं वर काढते. तोवर मदतीच्या गाड्या गेलेल्या असतात.

[दृश्य: रात्र. खिडकीवर पावसाचे थेंब. जागं असलेलं मूल, शेजारी बसलेली आजी.]

निवेदन:

पावसाचा आवाज आला की मूल दचकून उठतं. मोठ्यांचीही झोप उडालेली असते, जेवण जात नाही. सुरुवातीचे दिवस हे होणारच. त्याला घाबरट म्हणू नका, जवळ बसा. महिना लोटला तरी झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही दवाखान्यात सांगण्याचंच दुखणं आहे.

[दृश्य: तीच भिंत, आता नव्या रंगाची. रेघ दिसत नाही. मग दवाखान्यातलं टेबल.]

निवेदन:

दूषित पाण्यातून होणारी कावीळ सर्वांत सावकाश येते. हिपॅटायटिस ई २ ते १० आठवड्यांनी. बहुतेकांना ती आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. लघवी गडद पिवळी दिसली, डोळे पिवळे झाले, की त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या.

डॉक्टर विचारतात, "त्रास कधीपासून?"

"दोन दिवस झाले. आणि डॉक्टर, आमच्याकडे पाणी शिरलं होतं. आज बावन्नावा दिवस."