तिसऱ्या लेण्यातली इंग्रजी

(दृश्य: पांडवलेणी, सकाळची वेळ. पायऱ्या चढणारे विद्यार्थी.)

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढता चढता यांचा वाद रंगलाय, तोही इंग्रजीतून. तिसऱ्या लेण्यात पाहुण्यांना आधी कोरीवकाम दाखवायचं की शिलालेख?

हे पर्यटनाचे विद्यार्थी. बहुतेक मराठी माध्यमातले. व्याकरणाच्या पेपरात पास होतात, पण परदेशी पाहुणा समोर आला की दातखीळ बसते. म्हणून त्यांच्या मॅडमनी सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत वर्गात आणली.

(दृश्य: वर्ग. चिठ्ठ्यांनी भरलेला फळा.)

2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 जणांनी या पद्धतीचा, म्हणजे अजाइलचा, जाहीरनामा लिहिला. थोडं थोडं काम करा, वापरणाऱ्याला लवकर दाखवा, त्याचं ऐकून बदला, असा त्याचा सूर. इथे बनवायची आहे 10 मिनिटांची इंग्रजी सफर. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा.

फळ्यावर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, काम पुढे गेलं की ती पुढच्या रकान्यात. तासाच्या सुरुवातीला सगळे उभ्याउभ्याच सांगतात, काल काय केलं, आज काय करणार, गाडी कुठे अडलीय. इंग्रजी मोडकी असली तरी चालते.

खरी कसोटी ‘झालं’ या रकान्याची. पाठ झालं म्हणजे झालं नव्हे! दुसऱ्या विभागातलं कुणीतरी ऐकतं, प्रश्न विचारतं. उत्तर पटलं तरच चिठ्ठी सरकते. शिलालेखाच्या वेळी एका मुलीनं धडाधड म्हणून दाखवलं: गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिनं भिक्षूंना दिलेलं लेणं, लेखात मुलाच्या पराक्रमाचं वर्णन. श्रोत्यानं विचारलं, “मग तेव्हा राज्य मुलाचंच होतं?” ती गप्प. चिठ्ठी परत. लेख नातवाच्या, पुळुमावीच्या कारकिर्दीतला. गटानं अख्खा परिच्छेद फेकून दिला आणि आजी, मुलगा, नातू अशी घरातली गोष्ट सांगावी तशी छोटी वाक्यं रचली.

सगळंच सुरळीत नाही. बोलकी मुलं बोलतात, बाकीचे फळा सजवतात. म्हणून गाइड कोण होणार, हे आता ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरतं. क्रियापदांच्या काळाच्या चुका तशाच राहतात, त्यासाठी व्याकरणाचा तास वेगळा घ्यावाच लागतो. आणि काम गटाचं असलं तरी परीक्षेचा पेपर ज्याचा त्यालाच लिहायचाय.

(दृश्य: रामकुंड.)

2027 च्या सिंहस्थाला परदेशी पाहुणे येतील. पुढच्या स्प्रिंटची पहिली चिठ्ठी रामकुंडाची आहे: अस्थिविसर्जन चालू असताना पाहुण्याला, न दुखवता, कॅमेरा खाली घ्यायला कसं सांगायचं? ती घ्यायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.