सेपुल्तुरा: ड्रमच्या बाजूने

मंडळी, सेपुल्तुरा या ब्राझिलियन मेटल बँडचा इतिहास बहुतेक जण दोन तुकड्यांत सांगतात: मॅक्स कावालेरा होता तोवरचा आणि तो गेल्यानंतरचा. गायक गेला म्हणजे बँड गेला, असा तो हिशेब. मला तो पटत नाही. या बँडची वळणं गायकापेक्षा ड्रमवर जास्त ऐकू येतात. ड्रमच्या मागे कोण बसलाय, तो कुठली वाद्यं वाजवतोय, त्याला जागा मिळावी म्हणून गिटार किती गप्प बसतेय, हे ऐकलं की त्यांची चाळीस वर्षं नीट उलगडतात. म्हणून आज ड्रमच्या बाजूने बोलू.

सुरुवात 1984ची. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातलं बेलो होरिझोन्ते शहर. मॅक्सचा जन्म 1969चा, त्याचा भाऊ इगोरचा 1970चा. म्हणजे बँड काढला तेव्हा एक पंधरा वर्षांचा, दुसरा चौदा. बेसवर पाउलो ज्युनियर, दुसऱ्या गिटारवर जाइरो गेज. पहिला गायक वागनर लामुनिये लवकरच बाहेर पडला आणि सार्कोफागो या बँडमध्ये गेला, म्हणून गाणं मॅक्सकडे आलं. देशातली लष्करी राजवट 1985मध्ये संपली. परदेशी गिटार, अँप्लिफायर, ड्रमकिट असल्या वस्तू या पोरांच्या खिशाबाहेरच्या होत्या. गावात कोगुमेलो नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्यांनीच लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केलं. 1985मध्ये एका तबकडीची एक बाजू ओव्हरडोस या दुसऱ्या बँडला मिळाली, दुसरी सेपुल्तुराला. सेपुल्तुराची बाजू म्हणजे 'बेस्टियल डिव्हास्टेशन'. रेकॉर्डिंग दोन दिवसांत उरकलं.

1986चा 'मॉर्बिड व्हिजन्स' आज ऐकला तर पहिल्या मिनिटाला कान टवकारतात: गिटार सुरात नाहीत. नुसतं बेसूर म्हणून सोडून देऊ नका, तिथे काय बिघडतंय ते ऐका. दोन गिटार एकमेकींपासून थोड्याशा जरी सरकलेल्या असल्या, तरी साध्या आवाजात ते खपून जातं. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणं, लावलं की तोच फरक फुगतो, स्वरांमध्ये थरथर उठते आणि कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, चिखल होतो. ड्रमकडे तेव्हा एकच चाल होती: पायाचा ठोका, स्नेअरचा (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका, आलटून पालटून, जमेल तितक्या वेगाने. लय मधूनच पुढे पळते, मधूनच मागे पडते. गंमत म्हणजे पुढे ब्लॅक मेटल या मेटलच्याच शाखेतल्या लोकांना नेमका हाच ओबडधोबडपणा आवडला.

1987मध्ये साओ पाउलोचा आंद्रेयास किसर जाइरोच्या जागी आला. त्याला गिटारचं शिक्षण होतं, कानही तयार होता. त्याच वर्षीच्या 'स्किझोफ्रेनिया'पासून गिटार सुरात लागल्या, रिफला (गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याला) जोड आणि वळण आलं. गिटार नेमकी झाली की ड्रमलाही नेमकं व्हावं लागतं. इगोरची खरी तालीम इथून सुरू झाली.

मग रोडरनर लेबलशी करार झाला आणि 'बिनीथ द रिमेन्स' आला. डिसेंबर 1988, रिओ द जानेरोतला नास नुव्हेन्स स्टुडिओ. पैसे बेताचे, म्हणून रेकॉर्डिंग रात्रीचं. फ्लोरिडातल्या टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतला स्कॉट बर्न्स निर्माता म्हणून तिथे गेला आणि मिक्सिंग टँपाला झालं. या माणसाने केलेलं मोठं काम म्हणजे बेस ड्रम, पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम, ऐकू आणला. वेगवान मेटलमध्ये बेस ड्रम नुसता घुमला की पुढचा ठोका मागच्याच्या शेपटीत बुडतो. त्यासाठी खालची घुम कमी करायची आणि पायाच्या पेडलचा दांडा (बीटर) कातड्यावर आपटल्याचा टिकटिक आवाज पुढे आणायचा. हा आवाज फार टोकदार झाला की टाइपरायटरसारखा वाटतो. इथे तो काठावर थांबलाय. अल्बम 1989मध्ये आला आणि बँड पहिल्यांदा युरोपात सोडोमबरोबर फिरला.

'अराइज'साठी ते स्वतःच टँपाला गेले. तो 1991मध्ये आला. थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल, म्हणून तो त्यांचा सर्वांत घट्ट अल्बम, यात वाद नाही. पण त्यातल्या 'ऑल्टर्ड स्टेट'ची सुरुवात वेगळी काढून ऐका. रिफ सुरू व्हायच्या आधी तिथे आदिवासी ढंगाचा तालवाद्यांचा तुकडा आहे. तो अजून सजावटीपुरताच आहे, गाणं सुरू झालं की विसरला जातो. पुढच्या पाच वर्षांत हीच सजावट घराचा पाया होणार होती. त्याच वर्षी 11 मे रोजी साओ पाउलोत पाकाएंबू स्टेडियमसमोरच्या चौकात त्यांचा मोफत कार्यक्रम झाला. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, तीस हजारांच्या आसपास माणसं आली आणि गर्दीत एकाचा जीव गेला. त्यानंतर देशात कार्यक्रम मिळवणं काही काळ अवघड झालं. याच काळात बँडने बिऱ्हाड अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फीनिक्सला हलवलं.

1993चा 'केऑस ए. डी.' वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत झाला, निर्माता अँडी वॉलेस. इथे बँडने वेग सोडला. हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. वेगात चूक लपते. मंद लयीत प्रत्येक ठोका उघडा पडतो. 'टेरिटरी'च्या सुरुवातीला इगोर एकटाच येतो, त्यात त्याने टॉम (किटमधले घुमणारे ड्रम) आणि स्नेअर कसे विणलेत ते पाहा. 'रिफ्यूज/रिझिस्ट'च्या आरंभी मॅक्सच्या मुलाच्या, झायनच्या, हृदयाचे ठोके आहेत आणि त्यावर ड्रम चढतात. जुन्या थ्रॅशमध्ये हात स्नेअर आणि झांजेवर खिळलेले असत. इथे मुख्य काम टॉमकडे आलंय, झांज मागे सरकलीय. झांज मागे सरकली की वरच्या पट्टीतला सततचा फेस नाहीसा होतो आणि गिटारमधल्या रिकाम्या जागा ऐकू येतात.

विषयही घरचे झाले. साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगात 2 ऑक्टोबर 1992 रोजी पोलिसांनी 111 कैद्यांना मारलं, 'मॅनिफेस्ट' त्यावर आहे. 'कायोवास' हा साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारचा वाद्यमेळ ग्वारानी-कायोवा लोकांना वाहिलेला. तो वेल्समधल्या चेप्स्टो किल्ल्याच्या अवशेषांत रेकॉर्ड केला. रंगमंचावर तो वाजवताना शेवटी सगळेच ड्रमवर येत. पुढच्या अल्बमची ती तालीमच म्हणा ना.

आणि तो पुढचा अल्बम म्हणजे 1996चा 'रूट्स'. कॅलिफोर्नियातल्या मालिबूजवळचा इंडिगो रँच स्टुडिओ, निर्माता रॉस रॉबिन्सन. बँडचे लोक ब्राझीलमधल्या मातो ग्रोसो राज्यातल्या शाव्हान्ते लोकांच्या गावी गेले आणि त्यांच्या गायनाबरोबर साध्या गिटार घेऊन वाजवलं, 'इत्सारी' ते. बाहिया राज्यातल्या साल्व्हादोरचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन 'राटामाहाटा'त आहे. तिथे सुर्दो (ब्राझीलचा मोठा ढोल), तिंबाउ आणि जेंबे हे हाताने वाजवायचे ढोल, पत्र्याचे डबे, सगळं एकत्र वाजतं. आपल्या ढोल-ताशा पथकात ढोल भार धरतो आणि ताशा वर नाचतो. सुर्दो आणि इतर वाद्यांचं नातं बरंचसं तसंच, म्हणून मराठी कानाला हे गाणं फार समजवावं लागत नाही. शब्द पोर्तुगीज आहेत. त्यात लांपियांव हा ईशान्येकडचा दरोडेखोर येतो, पळून आलेल्या गुलामांच्या पाल्मारेस वसाहतीचा नायक झुंबीही येतो. 'ॲटिट्यूड'च्या तोंडाशी बेरिंबाउ आहे, एका तारेचं धनुष्यासारखं वाद्य. ते ज्यांना कधी ओळखू आलं नाही, त्यांनी आज रात्री पुन्हा ऐकावं.

आता यातलं गणित. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत जाड तार 'ई' या स्वरावर, म्हणजे 82 हर्ट्झच्या आसपास. 'केऑस ए. डी.'त ती 'डी'वर, 73वर उतरली. 'रूट्स'मध्ये 'बी'पर्यंत, जेमतेम 62. मोठ्या तालवाद्याचा, फ्लोअर टॉमचा (जमिनीवर उभ्या सर्वांत मोठ्या टॉमचा) आणि बेस गिटारचा मुलूखही साधारण हाच. चौघे एका दारातून शिरायला लागले की दार अडकतं. 'रूट्स'चा तोडगा असा की गिटार कमी वाजते. 'रूट्स ब्लडी रूट्स'चा रिफ मोजून पाहा, स्वर हाताच्या बोटांवर मावतील. मॅक्सच्या गिटारवर तर चारच तारा असत. तो सोलो वाजवत नसे, त्यामुळे वरच्या दोन बारीक तारांचं कामच नव्हतं.

आपल्याकडची पोरं ही गाणी बसवतात तेव्हा ठरावीक ठिकाणी गाडी अडते. तारांचा दहाचा सेट (सर्वांत बारीक तार 0.010 इंच जाडीची) तसाच ठेवून 'बी'पर्यंत उतरवतात. तार लोंबते, जोरात मारली की सूर आधी वर उडतो, मग खाली येतो. जाड तार साठाच्या, म्हणजे 0.060 इंचाच्या, आसपास हवी. ती बसवायची तर नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच घासून रुंद करावी लागते, मानेचा ताण पुन्हा जुळवावा लागतो आणि ब्रिजवर इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर जुळणं) लावावं लागतं, नाहीतर बाराव्या फ्रेटवर सगळं बेसूर. डिस्टॉर्शन कमी करायचं. जाड तारेला ते कमीच लागतं. आणि ड्रमरने फ्लोअर टॉमखाली रुमाल कोंबू नये. त्या टॉमची घुम हाच या गाण्यांचा जीव आहे.

'रूट्स' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 27व्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅक्सचा सावत्र मुलगा डेना वेल्स हा अपघातात गेला. मॅक्स आणि त्याची पत्नी ग्लोरिया तातडीने घरी परतले. इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या महोत्सवात उरलेले तिघे मंचावर गेले, किसरने गायलं. ग्लोरिया ही बँडची व्यवस्थापकही होती आणि तिचा करार संपत आला होता. 16 डिसेंबर 1996ला लंडनच्या ब्रिक्स्टन अकादमीतल्या कार्यक्रमानंतर तिघांनी सांगितलं की करार पुढे चालवायचा नाही. मॅक्स बाहेर पडला. चाहते यात कोण खरा, कोण खोटा हे अजून भांडतात. माझ्या मते एकाची पत्नी सगळ्यांची व्यवस्थापक असणं, ही मांडणीच कधीतरी मोडणार होती. दुःखाने ती वाईट वेळी मोडली. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग 2002मध्ये 'अंडर अ पेल ग्रे स्काय' म्हणून आलं.

नाव तिघांकडे राहिलं. क्लीव्हलंडचा डेरिक ग्रीन गायक म्हणून आला, 1998मध्ये 'अगेन्स्ट' निघाला. मॅक्सच्या सोलफ्लायचा पहिला अल्बम त्याच रोडरनरने त्याच वर्षी काही महिने आधी बाजारात आणला होता. एकाच दुकानात दोन फळ्या, गिऱ्हाईक तेच. 'अगेन्स्ट'ला फटका गायकापेक्षा या व्यवस्थेने जास्त बसला, असं मला वाटतं. कारण ड्रमच्या बाजूने पाहिलं तर धागा तुटलेलाच नाही: 'कामाइताची'मध्ये जपानचे कोडो ढोलवादक आहेत आणि इगोर त्यांच्याशी अदबीने वाजवतो.

खरा तडा 2006मध्ये गेला. 'दान्ते एक्स एक्स आय' केल्यावर इगोर गेला. दोन वर्षांत भाऊ भावाशी जुळला आणि कावालेरा कॉन्स्पिरसी झाली. इकडे जां दोलाबेला आला, त्याच्याबरोबर 'ए-लेक्स' आणि 'कायरोस' झाले. वादक पक्का, पण इगोरच्या हातातला तो मागे ओढणारा भार त्याच्याकडे नव्हता. 'कायरोस'मध्ये तेलाच्या पिंपांवर वाजवणारं फ्रान्सचं तांबूर द्यू ब्राँक्स पथक सोबतीला आहे. पुढे रॉक इन रिओ महोत्सवाच्या मंचावरही ते बँडबरोबर होतं.

2011मध्ये एलोय कासाग्रांदे आला, जेमतेम वीस वर्षांचा. त्याच्या हाताखाली बँडने पुन्हा उंची गाठली. 2020चा 'क्वाद्रा' मुद्दाम चार भागांत, प्रत्येकी तीन गाण्यांत बांधलाय: पहिला जुना थ्रॅश, दुसरा तालवाद्यांचा, तिसरा वाद्यसंगीताकडे झुकलेला, चौथा संथ आणि सुरेल. ज्यांना पूर्ण कारकीर्द ऐकायला वेळ नाही, त्यांनी हा एकच अल्बम लावावा. फेब्रुवारीत तो आला आणि महिन्याभरात महासाथीने दौरे बंद पाडले.

8 डिसेंबर 2023ला बँडने निरोपाचा दौरा जाहीर केला. पहिला कार्यक्रम 1 मार्च 2024, बेलो होरिझोन्ते. 6 फेब्रुवारीला कासाग्रांदेने जात असल्याचं सांगितलं. (एप्रिलअखेर तो स्लिपनॉट या अमेरिकन मेटल बँडमध्ये असल्याचं जाहीर झालं.) पहिल्या कार्यक्रमाला उरले चोवीस दिवस. त्यात जॅझकडून आलेल्या ग्रेसन नेक्रटमन या अमेरिकन तरुणाने इगोरची, दोलाबेलाची आणि कासाग्रांदेची गाणी उचलली, म्हणजे तीन वेगळ्या हातांच्या सवयी. या दौऱ्यातून चाळीस शहरांतली चाळीस गाणी थेट रेकॉर्ड करायची असं ठरलं होतं. त्यांतली 'टेरिटरी' हाती लागली, तर 1993च्या शेजारी ठेवून सुरुवातीचा तो एकट्या ड्रमचा तुकडा तेवढा ताडून बघा.