मेनफ्रेमवर नवा रूट टाकताना सगळे जुने रूट कसे उडतात?

नमस्कार मंडळी! रात्रीचे अडीच वाजलेत. मी हिंजवडीत, मेनफ्रेम परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये. काम काय, तर झेड ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, एक नवीन रूट टाकायचा, म्हणजे नेटवर्कची एक नवी वाट. एक रूट, बस्स. ओबेफाइल कमांड दिली, एंटर दाबलं आणि स्क्रीन जी थिजली ती थिजलीच. खालच्या ओळीत तो एक्स आणि घड्याळ, म्हणजे उत्तराची वाट बघत बसा. मेनफ्रेमवाल्यांना माहीत आहे, ते घड्याळ बघितलं की पोटात कसा गोळा येतो.

तिकडच्या ऑपरेटरला फोन लावला. तो म्हणतो, "कन्सोलवर तर मेसेज आलाय, ओबे कमांड यशस्वी झाली." यशस्वी! आणि मी मात्र बाहेर.

नक्की काय झालं ते सांगतो, पण आधी मांडणी पटकन बघून घेऊ.

सगळ्यात खाली असतं ओएसए कार्ड. मेनफ्रेमचं नेटवर्क कार्ड म्हणा. त्याला डिव्हाइस नंबर लागतात किमान तीन: रीड, राइट आणि डेटा. रीडचा नंबर सम, राइटचा त्याच्या लगेच पुढचा. म्हणजे रीड ०ई२०, तर राइट ०ई२१. हे नंबर व्हीटॅममध्ये, म्हणजे आयबीएमच्या जुन्या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये, टीआरएलई नावाच्या व्याख्येत लिहायचे. आता नवीन मुलं विचारतात, "सर, आपण एसएनए वापरत नाही, मग व्हीटॅम कशाला?" एसएनए, म्हणजे आयबीएमची जुनी नेटवर्क पद्धत, आली १९७४ मध्ये, आणि व्हीटॅम त्याच घरातलं, हे खरं. पण टीसीपीआयपी आजही कार्डापर्यंत पोचतं ते व्हीटॅमच्या हातूनच. म्हातारा घरात हवाच.

त्याच्या वर टीसीपीआयपीची प्रोफाइल, म्हणजे सेटिंगची फाइल. तिच्यात इंटरफेस स्टेटमेंट असतं. प्रकार आयपीएक्यूईनेट, आयपी समजा १९२.०.२.१०, पुढे स्लॅश २४, आणि पोर्टनेम. हे पोर्टनेम टीआरएलईमधल्या पोर्टनेमशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. इंटरफेस उठत नाही म्हणून कोणी हाक मारली, की मी आधी हीच दोन नावं शेजारी ठेवून बघतो. आणि हो, इंटरफेस लिहिला म्हणजे चालू झाला असं नाही. त्याला वेगळं स्टार्ट द्यावं लागतं.

आता मुद्द्यावर. चालू सिस्टिममध्ये बदल करायचा, तर छोटा मेंबर, म्हणजे छोटी फाइल, लिहून ओबेफाइल कमांडने खाऊ घालायचा. टीसीपीआयपी बंद करायची गरज नाही. फार सोयीचं. गोची अशी, की प्रत्येक स्टेटमेंट ओबेफाइलमध्ये वेगळं वागतं. नवीन इंटरफेस दिला, तर तो आहे त्यात जमा होतो. पण रूट लिहायचं बिगिनरूट्स? त्या फाइलमधलं पहिलं बिगिनरूट्स आधीचे सगळे स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेले, रूट पुसतं आणि तुमचे टाकतं. जुन्या पद्धतीच्या होम स्टेटमेंटचंही तेच, आयपींची अख्खी यादी बदलते.

मी काय केलं होतं? बिगिनरूट्स, माझा एक नवीन रूट, एंडरूट्स. डिफॉल्ट रूट, म्हणजे दुसरी वाट नसेल तेव्हाची वाट, गेला, बाकीचेही गेले. मी ज्या वाटेने आत आलो होतो ती वाटच गेली. सिस्टिमच्या दृष्टीने काम चोख झालं होतं, कारण मी सांगितलं तेच तिने केलं.

वाचलो दोन गोष्टींमुळे. एक, ऑपरेटरचा कन्सोल टीसीपीआयपीवरून जात नव्हता, म्हणून तो जिवंत होता. दुसरी, माझ्या आधीच्या कोणा शहाण्या माणसाने सगळे रूट वेगळ्या मेंबरमध्ये ठेवले होते आणि प्रोफाइलमध्ये फक्त इन्क्लूड लिहून तो जोडला होता. मी फोनवर मेंबरचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं, ऑपरेटरने तोच मेंबर ओबेफाइलला दिला, आणि काही क्षणांत माझं घड्याळ गेलं. टेस्ट एलपार, म्हणजे मेनफ्रेमचा चाचणीसाठीचा वेगळा भाग, होता म्हणून निभावलं, नाहीतर सकाळी मीटिंगला बसलो असतो.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. आधी नेटस्टॅट रूट कमांडने चालू रूटची यादी घेऊन ती जपून ठेवायची. मग रूटचा पूर्ण मेंबर कॉपी करायचा, त्यात नवीन ओळ घालायची आणि पूर्णच्या पूर्ण द्यायचा. सिंटॅक्सचेक कमांड आधी चालवता येते, जरूर चालवा. पण ती स्पेलिंग बघते, तुमचा डिफॉल्ट रूट राहिलाय का ते तिला कळत नाही.

आणि ओबेफाइलने केलेला बदल फक्त मेमरीत असतो बरं का. मूळ मेंबरमध्ये तीच ओळ घातली नाही, तर पुढच्या आयपीएलनंतर, म्हणजे सिस्टिम पुन्हा सुरू झाल्यावर, तो रूट गायब, आणि तोपर्यंत तो कोणी टाकला होता हेही कोणाला आठवत नाही.

व्हिपा, म्हणजे व्हर्च्युअल आयपी, त्याबद्दल पुढच्या व्हिडिओत बोलू. तोवर तुमच्या रूट्सचा वेगळा मेंबर आहे का, तेवढं बघून खाली कमेंटमध्ये कळवा.