साठच्या कॅसेटमध्ये न मावलेला जपान

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत इंग्रजी गाणी विकत घ्यायची नसत, भरून घ्यायची असत. कोरी कॅसेट दोन मापांत मिळायची, साठ मिनिटांची आणि नव्वदची. नव्वदचीला जास्त पैसे पडायचे, म्हणून मी साठची घेतली आणि आमच्या कॉलनीतल्या एका दादाकडे नेऊन दिली. त्याच्याकडे डबल डेकचा टेप होता आणि म्हणून त्याचा रुबाबही होता. दोन दिवसांनी कॅसेट परत आली. वर बॉलपेननं लिहिलेलं, ‘पर्पल, जपान’. ए बाजूला तीन गाणी पूर्ण, आणि चौथ्यात ड्रमवाला नुकता रंगात येतोय तोच खट्ट! बी बाजूला दोन गाणी पूर्ण, तिसरं चांगलं तापलेलं, आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा खट्ट. ते तिसरं गाणं, ‘स्पेस ट्रकिन’, मुळात वीस मिनिटांचं आहे, हे मला कळायला पुढं सहा-सात वर्षं जावी लागली.

ती रेकॉर्ड म्हणजे डीप पर्पल या इंग्लिश बँडची ‘मेड इन जपान’. रॉक संगीतातल्या प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेल्या रेकॉर्डींची नावं निघाली, की हिचं नाव पहिल्या चार-पाचांत येतंच. गंमत अशी, की ती करायची इच्छा खुद्द बँडलाच फारशी नव्हती.

हा किस्सा १९७२चा. आपल्याकडे बहात्तर म्हटलं की दुष्काळ आठवतो, मिलो आणि सुकडी आठवते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हे पाच जण पहिल्यांदाच जपानला गेले. १५ आणि १६ तारखेला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ला टोकियोचं बुडोकान सभागृह. इकडे आपण स्वातंत्र्याची पंचविशी साजरी करत होतो, आणि तिकडे ओसाकात बँडचा गायक इयन गिलन पहिल्या रात्रीसाठी गळा साफ करत होता.

कार्यक्रमाची रेकॉर्ड काढायची हा हट्ट जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीचा. तिथल्या चाहत्यांपुरती एक रेकॉर्ड निघावी, एवढीच कल्पना. बँडनं हो-ना करत अटी घातल्या. ध्वनिमुद्रण आमचाच माणूस करेल, आणि टेप आम्ही ऐकून पास केल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. तो माणूस म्हणजे मार्टिन बर्च. तिथली यंत्रसामग्री बघून त्याच्या पोटात गोळाच आला होता म्हणतात. आठ ट्रॅकचं मशीन आणि सगळा खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास.

तीन रात्रींचं मुद्रण इंग्लंडला आलं. मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज जुळवून एक करायला, हजर राहिले दोघंच, बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवाला इयन पेस. बाकीच्यांनी तिकडे फिरकायची तसदी घेतली नाही. गिलनला तर स्वतःचं त्या रात्रींचं गाणं पसंतच नव्हतं. माझ्या मते ही रेकॉर्ड वाचली ती याच बेफिकिरीमुळं. तेव्हा बऱ्याच ‘लाइव्ह’ रेकॉर्डी स्टुडिओत नेऊन ठाकठीक केल्या जायच्या. चुकलेला सूर पुन्हा गाऊन घ्यायचा, गिटारचा एखादा तुकडा वरून चिकटवायचा, टाळ्या वाढवायच्या. इथं तसलं काही झालं नाही. तीन रात्रींतून सात गाणी निवडली, दोन तबकड्यांवर चढवली, संपलं.

आता एका गोष्टीकडे कान द्या. ‘हायवे स्टार’ या पहिल्या गाण्याची सुरुवात. स्टुडिओतल्या रेकॉर्डवर हे गाणं ठरल्याप्रमाणे, आखून सुरू होतं. इथं आधी नुसती चुळबुळ ऐकू येते. पेस स्नेअर ड्रमवर हलक्या हातानं काठ्या आपटत राहतो, कुणीतरी तारा जुळवून बघतं, ऑर्गनचा एक जाड सूर मागं येऊन बसतो. बैठकीत तानपुरे लागताहेत, तबलजी हातोडी ठोकतोय आणि गवई अजून पान चघळतोय, अशी ती वेळ. मग बास आत शिरतो आणि चुळबुळीचं गाणं कधी झालं ते कळतही नाही. मी हा पहिला मिनिट किती वेळा मागं नेऊन ऐकला असेल! कॅसेटची फीत तिथंच पहिल्यांदा अडकली, पेन्सिल घालून गुंडाळावी लागली.

हेडफोन लावून ऐकलंत तर आणखी एक मौज. डाव्या कानात जॉन लॉर्डचा ऑर्गन, उजव्या कानात रिची ब्लॅकमोरची गिटार. रंगमंचावर ते जसे दोन टोकांना उभे असत, तसेच ते इथं तुमच्या डोक्याच्या दोन बाजूंना येऊन उभे राहतात. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा. त्यामुळं चर्चमधलं हे शांत वाद्य इथं चक्क गुरगुरतं. माझ्या आईला ते गिटारच वाटायचं, आणि तिचं फार चुकत नव्हतं.

‘स्मोक ऑन द वॉटर’ सगळ्यांना ठाऊक आहे. गिटारच्या क्लासला जाणारं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात तीच धून छेडून घरच्यांना वैताग आणतं. गाण्यातली आग खरी आहे. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथं अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात कुणीतरी छताकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक, उडवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. डीप पर्पल त्याच कॅसिनोत रेकॉर्डिंग करायला आले होते. समोरच्या तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी बघितला आणि त्याचं गाणं केलं. ओसाकात ते वाजलं तेव्हा या गाण्याची रेकॉर्ड येऊन जेमतेम पाच महिने झाले होते, त्यामुळं त्याचा अजून ठोकळा बनलेला नव्हता. ब्लॅकमोर त्या प्रसिद्ध धूनशी जरा खेळतो, एक ठोका इकडचा तिकडे करतो. हे एकच गाणं पहिल्या रात्रीचं, १५ ऑगस्टचं घेतलेलं आहे.

यानंतर गिलन माइकवरून साउंडवाल्याशी बोलतो तेही बर्चनं कापलेलं नाही. मागणी काय, तर सगळं सगळ्यापेक्षा मोठ्यानं पाहिजे. आता हे व्हायचं कसं? पण आपल्याकडच्या कुठल्याही गणेशोत्सवातल्या साउंडवाल्याला ही मागणी अजिबात नवी वाटणार नाही.

माझं सर्वांत आवडतं मात्र तिसऱ्या बाजूवरचं ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’. मध्यावर सगळी वाद्यं खाली बसतात आणि गिटार आणि गळा यांचा सवाल-जवाब सुरू होतो. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गिलन तो जसाच्या तसा गळ्यातून काढून दाखवतो. पुढचा तुकडा अवघड, त्याच्या पुढचा त्याहून अवघड. फडावर ढोलकीवाला आणि नाचणारी यांची जुंपते, तशी जुंपते. गिटार वर चढते, गळा मागोमाग, आणि शेवटी गिलन अशी लांबलचक किंकाळी मारतो की गिटारला काही बोलायला जागाच उरत नाही. या दोघांचं स्टेजबाहेर तेव्हा अजिबात पटत नव्हतं. हे माहीत झाल्यापासून मी तो तुकडा थोडा वेगळ्या कानानं ऐकतो.

श्रोत्यांबद्दल एक शब्द. त्या तिन्ही रात्रींचे जपानी श्रोते गाणं चालू असताना गलका करत नाहीत. ‘चाइल्ड इन टाइम’ बारा मिनिटांचं आहे, सुरुवातीला ऑर्गन अगदी हलका, गाणाराही जवळजवळ पुटपुटतो. तिथं सभागृह गप्प आहे. ती शांतता मुद्रणात आली आहे, म्हणून पुढचा स्फोट अंगावर येतो.

रेकॉर्ड ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७२मध्ये निघाली. वेष्टनावरचा फोटो, नाव जपानचं असूनही, लंडनमधल्या कार्यक्रमाचा आहे. पुढच्या वर्षी ती अमेरिकेत आली आणि बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय रेकॉर्डींच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचली. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची छोटी तबकडी चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. जपानपुरती म्हणून केलेली वस्तू जगभर खपली. १९९३मध्ये त्या तीन रात्रींचा बराचसा कार्यक्रम तीन सीडींच्या संचात निघाला. तो मी नंतर घेतला. एकच गाणं तीनदा ऐकताना कळतं, की ब्लॅकमोर कुठल्याही रात्री कालचं वाजवत नाही.

गिलननं सोडून जाण्याचं पत्र दिलं तेही डिसेंबर १९७२मध्येच. म्हणजे रेकॉर्ड दुकानात लागत होती आणि इकडे घर फुटत होतं. ठरलेले कार्यक्रम पुरे होईपर्यंत तो थांबला. त्याच्याबरोबर ग्लोव्हरही गेला. पाचही जण पुन्हा एकत्र आले ते थेट १९८४मध्ये. त्याआधीचा त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला २९ जून १९७३ला. गाव होतं ओसाका.

नमस्कार.