निक्सनची पत्रं आणि काँग्रेसची तिजोरी

आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी 'अमेरिका आणि तिचे मित्र' असा ठेवलाय. तो फार ऐसपैस आहे, म्हणून मी त्याचा एकच कोपरा धरतो. मित्र अजून लढतोय आणि अमेरिका त्याच्या शत्रूशी तहाला बसलीय, अशा वेळी त्या मित्राचं काय होतं? तुमच्या डोक्यात युक्रेन असणार, माझ्याही आहे. पण तिथे जायच्या आधी मला तुम्हाला 1972 च्या सायगॉनला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत न्यायचंय.

ऑक्टोबर महिना. अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गुयेन व्हॅन थिऊ यांच्या भेटीला आले, ते तहाचा मसुदा घेऊन. पॅरिसजवळ उत्तर व्हिएतनामच्या ले डुक थो यांच्याशी त्यांचं बोलणं जवळपास पक्कं झालं होतं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या सुरुवातीला निवडणूक होती. थिऊंनी होकार दिला, की तिथून थेट उत्तरेची राजधानी हॅनोई गाठायची असा किसिंजरचा बेत होता. मसुदा इंग्रजीत होता. थिऊंचे नात्यातले आणि विश्वासातले सहकारी होआंग डुक न्हा यांनी विचारलं, व्हिएतनामी मजकूर कुठाय? आमच्या देशाच्या भवितव्याचा कागद आम्ही परक्या भाषेत वाचून त्यावर मान डोलवायची का?

व्हिएतनामी मजकूर आला आणि मग खरी गंमत कळली. गंमत म्हणजे आपल्या दृष्टीनं, त्यांचा तर जीव जात होता. तहानंतर जी समेट परिषद नेमायची होती, तिच्यासाठी इंग्रजीत 'प्रशासकीय रचना' अशा अर्थाचा साधा शब्द होता. व्हिएतनामीत मात्र 'सत्तेची रचना', म्हणजे जवळपास 'सरकार' असा अर्थ निघत होता. सायगॉनला ते संमिश्र सरकार मागच्या दारानं आत आल्यासारखं वाटलं. त्याहून मोठी पाचर वेगळीच होती. अमेरिकी सैन्य साठ दिवसांत निघणार हे मसुद्यात स्पष्ट होतं, पण दक्षिणेत घुसलेल्या उत्तरेच्या फौजेनं परत जावं असं एकही वाक्य नव्हतं. अमेरिकेच्याच अंदाजानं ती फौज दीड लाखाच्या आसपास होती. दोघांनी एकाच वेळी माघार घ्यायची, हा आग्रह किसिंजरनी 31 मे 1971 च्या गुप्त बैठकीतच सोडून दिला होता. थिऊंनी मसुदा नाकारला. दुरुस्त्यांची यादी दिली, एकूण 69. इकडे 26 ऑक्टोबरला किसिंजरनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांना सांगून टाकलं, 'शांतता हाताशी आली आहे.'

थिऊ काही साधुपुरुष नव्हते, हेही सांगायला हवं. 1971 ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी प्रतिस्पर्धीच नसताना लढवली. 1968 मध्ये तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी बॉम्बफेक थांबवून वाटाघाटींचा रस्ता मोकळा केला, तेव्हा अमेरिकी मतदान तीन दिवसांवर आलेलं असताना थिऊंनी पॅरिसला यायला नकार दिला. निक्सन आले तर आपल्याला जास्त मिळेल, हा हिशोब होता. तेच निक्सन आता त्यांच्या गळ्यात हा कागद बांधत होते.

आता पत्रांकडे येऊ. 14 नोव्हेंबर 1972 ला निक्सननी थिऊंना लिहिलं की हॅनोईनं करार मोडला तर तातडीनं आणि कठोर प्रत्युत्तर द्यायचा माझा इरादा आहे, याची मी तुम्हाला पूर्ण ग्वाही देतो. 5 जानेवारी 1973 च्या पत्रात तर 'पूर्ण ताकदीनिशी' उत्तर देऊ असं आहे. आणि नऊ दिवसांनी, 14 जानेवारीला, सूरच पालटला. 27 तारखेला पॅरिसला सही करायचं मी ठरवलंय, ते आता बदलणार नाही, वेळ पडली तर मी एकटा करीन. मग मात्र तुमचं सरकार शांततेच्या आड येतंय, हे मला जाहीरपणे सांगावं लागेल. एका हातानं पाठीवर थाप आणि दुसऱ्यानं कान पिळायचा. थिऊंनी होकार दिला, दुसरं काय करणार?

सहीचा समारंभही ऐकण्यासारखा झाला. दक्षिणेतल्या कम्युनिस्टांच्या हंगामी क्रांतिकारी सरकारला सायगॉन मान्यता देईना. म्हणून सकाळी चारही पक्षांनी ज्या प्रतीवर सह्या केल्या, तिच्या मजकुरात त्या सरकारचं नावच नव्हतं. दुपारी अमेरिका आणि हॅनोई या दोघांनीच वेगळ्या प्रतीवर सह्या केल्या, तिच्यात नाव होतं. चार वर्षांपूर्वी याच वाटाघाटींसाठी टेबल कोणत्या आकाराचं असावं यावर कित्येक आठवडे गेले होते, त्या मानानं ही प्रगतीच म्हणायची. देखरेखीचा जुना आयोग 1954 पासून भारताच्या अध्यक्षतेखाली होता. नव्या आयोगात कॅनडा, हंगेरी, इंडोनेशिया आणि पोलंड आले, आपण वगळले गेलो. आपण 1972 च्या जानेवारीत हॅनोईशी संबंध राजदूत पातळीवर नेले होते आणि सायगॉननं ते मनात ठेवलं होतं.

आता मुद्द्याचं. निक्सन खोटं बोलत होते का? मला तसं वाटत नाही. त्याच डिसेंबरात त्यांनी हॅनोईवर बारा दिवसांची बॉम्बफेक केली होती. खोट वेगळीकडे होती. ती पत्रं गुप्त होती आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दाखवलेली नव्हती. पॅरिसचा करारसुद्धा सिनेटपुढे, म्हणजे तिच्या वरच्या सभागृहापुढे, गेला नाही. अमेरिकी घटनेत तह पक्का व्हायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात आणि पैसा काँग्रेसच्या हातात असतो. तिनं 1973 च्या उन्हाळ्यात कायदा करून सांगितलं की 15 ऑगस्टनंतर इंडोचायनात लढाईसाठी दमडी मिळणार नाही. पुढच्या वर्षी निक्सन पायउतार झाले. त्याच सुमारास सायगॉनच्या मदतीला शंभर कोटी डॉलरची मर्यादा ठरली, आणि हातात पडले सत्तर कोटी. यासाठी काँग्रेसला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत. पण अठ्ठावन्न हजार शवपेट्या ज्या मतदारसंघांत आल्या, तिथल्या प्रतिनिधींनी आपल्याला न विचारता दिलेला शब्द का पाळावा?

आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. 1775 मध्ये राघोबादादांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला. साष्टी-वसई तुम्हाला, पेशवाई मला. कर्नल किटिंगची पलटण त्यांच्या बाजूनं लढलीसुद्धा. पण मुंबईवर कलकत्त्याचा हुकूम चालत होता. हेस्टिंग्जच्या कौन्सिलनं तो तह उडवून लावला, कर्नल अप्टनला थेट पुण्याच्या कारभाऱ्यांकडे धाडलं आणि 1 मार्च 1776 ला पुरंदरचा तह झाला. दादांच्या तोंडाला पानं पुसली गेली. सही करणाऱ्याच्या वर कोण बसलंय हे त्यांनी पाहिलं नाही. पुढे मुंबईकरांनी पुन्हा त्यांना जवळ केलं आणि वडगावला मार खाल्ला, पण तो वेगळा विषय आहे.

अफगाणिस्तानवर फार थांबत नाही. 29 फेब्रुवारी 2020 ला दोह्यात अमेरिकेनं तालिबानशी करार केला, काबूलचं सरकार त्यात पक्षकारच नव्हतं. तरी पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडण्याचं कलम त्यात होतं, आणि ते कैदी होते काबूलच्या तुरुंगांत! दुसऱ्याच्या खिशातले पैसे मोजून देण्यासारखंच हे. काबूल पडलं 15 ऑगस्ट 2021 ला. तारीख लक्षात ठेवा, अजून एकदा येणार आहे.

आता युक्रेन. 12 फेब्रुवारी 2025 ला ट्रम्पनी पुतिनना फोन केला. त्याच दिवशी त्यांचे संरक्षणमंत्री हेगसेथ ब्रसेल्समध्ये म्हणाले, की युक्रेनचं नाटो सदस्यत्व वाटाघाटीतून निघेल असं मानणं वास्तवाला धरून नाही. म्हणजे टेबलावर बसायच्या आधीच हातातलं एक पान उघडं केलं. 18 तारखेला रियाधमध्ये अमेरिकी आणि रशियन मंत्री भेटले, युक्रेन खोलीबाहेर. 28 ला ओव्हल ऑफिसमधली ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची ती जुगलबंदी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रं थांबली, मग गुप्त माहितीही थांबली. 11 मार्चला जेद्दामध्ये युक्रेननं तीस दिवसांच्या युद्धबंदीला होकार दिला, तेव्हा दोन्ही पुन्हा सुरू झालं. निक्सनचं 14 जानेवारीचं पत्र आठवा. फरक एवढाच की ते गुपचूप लिहिलं होतं, हे सगळं कॅमेऱ्यासमोर चाललं होतं. आणि ट्रम्प-पुतिन अलास्कात भेटले ती तारीख होती 15 ऑगस्ट. योगायोगच आहे, पण एखाद्या ज्योतिषाच्या हाती द्यायला मला भीती वाटेल!

न्हांसारखी तक्रार युक्रेनचीही जुनी आहे. 1994 मध्ये बुडापेस्टला त्यांनी आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली. इंग्रजी मजकुरात त्याबदल्यात 'आश्वासनं' आहेत. युक्रेनियन आणि रशियन मजकुरात जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'हमी' होतो. वॉशिंग्टननं इंग्रजी शब्द जाणीवपूर्वक निवडला होता, कारण त्यांच्या परिभाषेत हमी म्हणजे सैन्य पाठवायची जबाबदारी. हाही कागद सिनेटपुढे गेला नाही. दोह्याचाही नाही. म्हणून झेलेन्स्की जेव्हा म्हणतात की सुरक्षेची हमी काँग्रेसनं मतदान करून द्यावी, तेव्हा त्यांनी थिऊंना आलेली पत्रं वाचली असावीत असं मला वाटतं. नोव्हेंबर 2025 मध्ये 28 कलमांचा आराखडा बाहेर आला. त्यात युक्रेनच्या सैन्याला सहा लाखांची मर्यादा होती. तो आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत ठळक छापून आला. मी मात्र हमीचं कलम शोधत होतो, आणि त्यापुढे पैसा कोण मंजूर करणार हे लिहिलंय का ते.

एक चिठ्ठी आलीय: 'त्या पत्रांचं पुढे काय झालं?' बरं झालं विचारलंत. थिऊंनी ती जपून ठेवली होती. 1975 च्या एप्रिलमध्ये न्गुयेन तिएन हुंग नावाचे त्यांचे मंत्री काही पत्रं घेऊन मदत मागायला वॉशिंग्टनला गेले. त्याच महिन्यात सिनेटर जॅक्सननी गुप्त करारांचा बोभाटा केला. व्हाइट हाउसनं उत्तर दिलं की खासगीत जे लिहिलं ते जाहीर बोलण्यापेक्षा वेगळं नव्हतं, आणि पत्रं दाखवायला नकार दिला. 21 ला थिऊंनी राजीनामा दिला. शेवटी हुंगनी पत्रकार परिषद घेऊन दोन पत्रं स्वतःच वाटली. तो दिवस होता 30 एप्रिल. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा दिवस होता, सायगॉनमध्ये रात्र झाली होती, आणि अध्यक्षीय प्रासादाचं फाटक रणगाड्यांनी दुपारीच पाडलं होतं.