क्लचची कुरकुर: आधी कान लावा, मग पाना

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या काकू गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे गाडी घेऊन आल्या. गाडी तेरा वर्षांची, पण जिवापाड जपलेली. क्लच दाबला की चूंऽऽ, सोडला की पुन्हा चूंऽऽ. आधीच्या गॅरेजात त्यांना सांगितलं होतं, क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. काकू मला म्हणाल्या, "अरे, गाडी तर छान ओढतेय. मग क्लच गेला कसा?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी इंजिन बंद ठेवलं, दारातून खाली वाकलो आणि पॅडल हातानं हळूहळू दाबलं. चूंऽऽ. इंजिन बंद, आत काहीच फिरत नाहीये, तरी आवाज येतोय. म्हणजे दोष फिरणाऱ्या बेअरिंगचा नव्हे. पॅडल ज्या पिनेवर झुलतं तिथली नायलॉनची बुश, म्हणजे पिनेभोवतीची छोटी नळी, कोरडी ठणठणीत पडली होती, एका बाजूनं चिरलीही होती. ती बदलली, पिनेवरचा काळा मळ फडक्यानं पुसला, पांढरं लिथियम ग्रीस लावलं, आणि तासाभरात काकू गाडी घेऊन घरी गेल्या. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं होता होता राहिलं.

म्हणून आज मला तुम्हाला एवढंच कळकळीनं सांगायचं आहे, की गाडी उघडण्याआधी दहा मिनिटं तिचं ऐका. क्लच कधी बोलतो, तो क्षण पकडला की बहुतेक वेळा दुखणं कुठे आहे ते समजतं.

गाडी मोकळ्या जागेत सपाटीवर उभी करा, बंद गॅरेजात नको, कारण पुढे इंजिन चालू करायचं आहे. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. आधी इंजिन बंद ठेवूनच पॅडल दाबा. घरातल्या कुणाला तरी बॉनेट उघडून गिअरबॉक्सपाशी कान द्यायला सांगा. आवाज तुमच्या पायापाशी आला तर बुश, नाहीतर पॅडलची स्प्रिंग. पॅडलपासून क्लचपर्यंत केबल जाणारी गाडी असेल तर केबलच्या आवरणावर हात ठेवून पाहा. आतली तार खरखरत असेल तर ती तळहाताला जाणवते. अशा केबलमध्ये तेल सोडायचा मोह होतो, पण आतून नायलॉनचं अस्तर असलेली केबल तेलानं सुधारत नाही, ती बदलायचीच. आवाज गिअरबॉक्सच्या पोटातून आला, तर आतला फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा काटा, ज्या टेकूवर हलतो तो टेकू कोरडा पडलेला असतो.

आता इंजिन चालू करा. इथे थोडं आतलं चित्र डोळ्यांपुढे आणू या. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असतं, फ्लायव्हील. क्लच प्लेट त्याला चिकटून असते, आणि मागून प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोरावर दाबून धरते. तुम्ही पॅडल दाबता तेव्हा फोर्क एका बेअरिंगला पुढे ढकलतो, ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांवर टेकतं आणि पकड सुटते. ही बोटं इंजिनाबरोबर गरगर फिरतात, फोर्क मात्र जागचा हलत असला तरी फिरत नाही. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या या दोघांच्या मध्ये उभं राहून सगळा ताण सोसतं ते रिलीज बेअरिंग. म्हणून इंजिन चालू असताना पॅडलवर पायाचा नुसता भार दिल्याबरोबर किर्र सुरू झाली, किंवा आधीची बारीक किरकिर वाढली, तर बोट बेअरिंगकडे दाखवा.

याच्या उलटही होतं. पाय बाजूला असताना घरघर, आणि पॅडल पूर्ण दाबलं की सगळं शांत. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट, म्हणजे दांडा, इंजिनाबरोबर फिरत असतो. पॅडल दाबलं की तो थांबतो. आवाजही त्याच्याबरोबर थांबला, तर दोष त्या शाफ्टच्या बेअरिंगचा. अशा वेळी नवा क्लच टाकून आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि गाडी तशीच घरघरत असते. फार वाईट वाटतं.

पॅडलपाशी स्वतः काम करणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे मारला की आवाज जातो, पण उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं आणि आठवड्याभरात कुरकुर परत. दुसरं, स्प्रेचा शिंतोडा ब्रेकच्या पॅडलवर उडू देऊ नका, पाय घसरतो. रबराची बुश असेल तर सिलिकॉन ग्रीसच वापरा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं. आणि हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबानं चालणाऱ्या, क्लचच्या डबीत झाकणावर लिहिलेलं असेल तेच ब्रेक ऑइल. बऱ्याच गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असते. तिथे चुकून इंजिन ऑइल पडलं तर सील फुगतात आणि ब्रेकच हातचे जातात.

रिलीज बेअरिंगसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो, म्हणून प्लेट आणि प्रेशर प्लेट झिजलेली असेल तर त्याच वेळी बदलून घ्या. बेअरिंग सीलबंद असतं. कुणी ते रॉकेलमध्ये धुऊन परत बसवतो म्हणाला तर नको म्हणा, आतलं ग्रीस निघून जातं. आणि क्लचची धूळ हवेच्या नळीनं उडवू देऊ नका. जुन्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असायचं, ते पोरांच्या फुप्फुसात जातं. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा.

बेअरिंग लवकर जातं ते आपल्या डाव्या पायामुळे. मांडवी ते न्यायमंदिर गर्दीत रांगत जाताना, किंवा नवरात्रात गरब्याहून मध्यरात्री परतताना पाय पॅडलवर नुसता ठेवलेला असतो, आणि बेअरिंग बिचारं सतत भाराखाली फिरत राहतं. पावागडला माचीच्या चढावर गाडी क्लचवर तोलून धरणाऱ्यांचंही तेच. तिथे हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि पाय पॅडलवरून काढून खाली ठेवा.

आणि बडोद्यात आणखी एक कारण आहे, विश्वामित्री नदीचं पाणी. ऑगस्ट २०२४च्या पुरात कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या पाण्यात उभ्या होत्या. लोकांनी सीट वाळवल्या, इंजिन ऑइल, गिअर ऑइल बदललं. क्लचच्या घरात पाणी आणि गाळ शिरतो, हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याकडे अशी एक गाडी दिवाळीच्या सुमाराला आली, पॅडलला पाय लागला की किर्र. गिअरबॉक्स उतरवला तर तळाशी नदीचा बारीक, वाळलेला गाळ होता.

तिचं बेअरिंग मी फळीवर ठेवलं आहे, आणि काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात देतो. नवं बेअरिंग बोटावर फिरवलं तर ते जड, गुळगुळीत आणि मुकं फिरतं. हे फिरवा, आत वाळू भरल्यासारखं खरखरतं, आणि कडेला गंजाची तांबूस रेघ दिसते. तुमच्या गाडीचं काम होईल तेव्हा जुनं बेअरिंग मागून घ्या, कानाशी धरा आणि एकदा फिरवून बघा.

नमस्कार.